पाखरांचा हजेरीपट

माणसांची हजेरी घेणारे जगात पुष्कळ असतील, पण तळ्याच्या काठावर उभं राहून पाखरांची हजेरी घेणारा माणूस साऱ्या हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. दाजी गोरेगावकडच्या एका तांड्यावरच्या शाळेत मास्तर होते. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. दाजींनी "घड्याळ नको, दुर्बीण द्या" असं सांगून सगळ्यांची पंचाईत केली. तेव्हापासून ती दुर्बीण त्यांच्या गळ्यात आहे. आंघोळीला जाताना ती काढायची आठवण ताईलाच करावी लागते.

पक्षी बघणाऱ्या माणसाकडे जे जे असू नये ते सगळं दाजींकडे आहे. पहिलं म्हणजे आवाज. चार वर्ग एकाच खोलीत शिकवण्यात उभा जन्म गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना जमतच नाही. ते माझ्या कानात कुजबुजले की पलीकडच्या काठावरचा गुराखी "काय म्हणले गुरुजी?" असं विचारतो. माझ्या चपलेखाली काटकी मोडली तर ते एवढ्या जोरात "शूऽऽ!" करतात की त्यानंच सगळे बगळे उडून जातात, आणि दोष मात्र माझ्या चपलेला. एकदा पाखरांना दिसू नये म्हणून त्यांनी टोपीत बाभळीचे कोवळे शेंडे खोवले आणि काठावर पालथे पडून राहिले. पाखरांना ते दिसले की नाही कोण जाणे, पण शेळ्यांना दिसले. एका शेळीनं सगळा पाला खाऊन टोपीला तोंड घातलं तरी दाजी हलले नाहीत, कारण समोर खंड्या पाण्यात सूर मारायच्या बेतात होता. "टोपी गेली, पण सूर पाह्यला," असं ते अजूनही अभिमानानं सांगतात.

तळ्याच्या वाटेवर कुणीतरी 'पाणथळ राखिव क्षेत्र' अशी पाटी लावली होती. दुसऱ्याच रविवारी दाजी लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गेले आणि 'राखिव'ची वेलांटी दीर्घ करून आले. मी म्हणालो, "दाजी, तुम्ही स्वतः 'न्हाई' आणि 'व्हय' म्हणता, त्याचं काय?" त्यावर ते म्हणाले, "बोलन्यात चालतं, मेहुणे. लिवन्यात न्हाई चालत. पाखरं वाचत न्हाईत म्हणून काय झालं?"

त्यांची वही म्हणजे खरोखरचा शाळेचा हजेरीपट आहे. दाजी नाव पुकारतात, मी दुर्बिणीतून बघायचं आणि पाखराच्या वतीनं 'हजर' म्हणायचं, अशी आमची पद्धत आहे. "शेकाट्या?" "हजर." "हळदीकुंकू बदक?" "हजर. जोडीनं आहेत." "टिबुकली?" इथे गाडं अडतं, कारण टिबुकली नाव घेताच बुडी मारते. "गेली का बाकाखाली? येऊ द्या वर, आपल्याला घाई न्हाई," असं म्हणून दाजी पेन उचलून थांबून राहतात. करडा बगळा मात्र वहीत नाही. तो मान आखडून एका पायावर उभा असतो, म्हणून दाजींनी त्याला तपासणीला आलेले साहेब ठरवलं आहे, आणि साहेबांची हजेरी आपण घ्यायची नसते. उन्हाळा लागला की परमुलखातली पाखरं जायला लागतात. त्यांच्या नावापुढे दाजी लाल शाईनं लिहितात, 'दाखला दिला.'

हे वेड लागलं कसं, ते मला ताईनं सांगितलं. दिवाळी झाली की तांड्यावरची माणसं लेकरांना घेऊन ऊसतोडीला जायची आणि भरलेल्या वर्गात सात-आठ लेकरं उरायची. दाजी तरी रोज सगळी नावं पुकारायचे आणि एकेका नावापुढे 'गैरहजर' लिहायचे. लिहून घरी आले की जेवायचे नाहीत. त्याच दिवसांत शाळेमागच्या तळ्यावर पाखरं उतरायची. एक दिवस दाजींनी कोरा हजेरीपट घेतला आणि त्यांची नावं लिहायला सुरुवात केली. उन्हाळ्याच्या तोंडावर पाखरं जायची आणि लेकरं परत यायची, मग ही वही मिटून ती उघडायची. 'गैरहजर' हा शब्द मात्र दाजींना कायमचा नकोसा झाला.

या वर्षी चैत्र संपत आला तरी एक चक्रवाक मादी मागे राहिली होती. मोडलेल्या ओल्या हळकुंडासारख्या रंगाचं हे बदक सहसा जोडीनं राहतं. हिचा जोडीदार थव्याबरोबर निघून गेला होता. हिच्या डाव्या पंखातली दोन पिसं गळून तिथे फट पडली होती, आणि उडायला गेली की ती चार हातांवर पुन्हा पाण्यात पडायची. तळं दिवसेंदिवस आटत होतं. दाजी रोज सकाळी जायचे आणि तिला ओरडून सांगायचे, "अगं जाय ना बाई, शाळा सुटली तुझी! काहून बसून राहिली?"

त्या रविवारी आम्ही उजाडता उजाडता पोचलो. दाजींनी सगळी नावं पुकारली आणि शेवटी म्हणाले, "चक्रवाक?" मी सगळा काठ दोनदा धुंडाळला. ती नव्हती. म्हशी घेऊन आलेली एक आजी म्हणाली, "काल सांजच्याला कुत्रे व्हते की गुरुजी इथं. लई भुकून राहिले व्हते." दाजींनी पेनाचं टोपण काढलं, वहीकडे पाहिलं आणि तसंच परत लावलं. तिच्या नावापुढच्या रकान्यात काही लिहायला त्यांचा हात धजेना. ताईनं दिलेलं भाकरी-ठेच्याचं गाठोडं त्यांनी सोडलंसुद्धा नाही. मी म्हणालो, "दाजी, नरसी गावाच्या पलीकडचं तळं बघू या." ते उठून मोटारसायकलवर मागे बसले. दाजी गप्प बसलेले मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या तळ्यावर पोचेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. पलीकडच्या चिखलात मला एक नारिंगी ठिपका दिसला. मी दुर्बीण दाजींच्या हातात दिली. त्यांनी पाहिलं, आणि मग त्या माणसानं अशी आरोळी ठोकली की नरसीच्या दुकानांतही ऐकू गेली असावी. "हजऽऽर!"

तळ्यावरचं झाडून सगळं पाखरू उडालं. शेकाटे उडाले, बगळे उडाले, इथल्या तपासणीचे साहेबही उडाले. आणि त्यांच्याबरोबर चक्रवाकही उडाली. ती चार हातांवर पडली नाही. आमच्या डोक्यावरून तिनं एक मोठी चक्कर मारली आणि डाव्या पंखातली फट आम्हा दोघांना स्पष्ट दिसली. आयुष्यभर ज्या आवाजाबद्दल दाजींनी बोलणी खाल्ली, त्याच आवाजानं आमचं काम केलं होतं. दाजी नाचायचेच बाकी होते. "तीच हाय! एवढ्या लांब उडून आलं लेकरू! काढा भाकरी, मेहुणे, भूक लागली!" असं म्हणत त्यांनी माझ्या वाट्याचा ठेचाही संपवला.

आठ दिवसांनी सकाळीच फोन आला. "मेहुणे, गैरहजर!" दाजी ओरडत होते. "तीन दिवस झाले, दोन्ही तळे पाह्यले. कुठंच न्हाई. गेली बराबर!" तो शब्द त्यांच्या तोंडून इतक्या आनंदात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"दाखला दिला का?" मी विचारलं.

"दिला. लाल शाईनं." मग ज्यांना हळू बोलता येत नाही ते दाजी अगदी हळू बोलले, "पह्यले पाखरं गेले की लेकरं येत व्हते. आता कोण येतं?"

"मी येतो ना, दाजी," एवढंच मी म्हणालो.

रविवारी गेलो तेव्हा ताई आत चहा ठेवत होती. दाजी ओसरीवर वही उघडून बसले होते. सगळ्या नावांखाली शेवटच्या ओळीत, वळणदार अक्षरात, माझं नाव लिहिलेलं होतं. एकही वेलांटी चुकलेली नव्हती. दाजींनी चष्मा नीट केला, माझ्याकडे न बघता माझं नाव पुकारलं आणि पेन उचलून थांबून राहिले.

"हजर," मी म्हणालो.