ताऱ्यांचा उजेड जातो कुठे?

स्टाफरूममध्ये किस्से कसे साचतात कुणास ठाऊक. तास रिकामा असतो, चहा आलेला असतो, कुणीतरी सहज काहीतरी बोलून जातं आणि मग ते वर्षभर पुरतं. अमडापूरच्या आमच्या शाळेत यंदा जे काही साचलं, ते सगळं एका प्रश्नापायी. मी मराठी शिकवतो, तेव्हा त्यातलं मला किती कळलं हे विचारू नका!

*

झालं असं, की विज्ञानाचे इंगळे सर महिनाअखेरीस रिटायर होणार होते. गवई मॅडम आमच्या मुख्याध्यापिका, आणि याच शाळेत इंगळे सरांच्या हाताखाली शिकलेल्या. एक दिवस त्या पाठ बघायला नववीच्या वर्गात मागे जाऊन बसल्या. सरांचं लाडकं वाक्य फळ्यावर होतं: 'ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही.'

मॅडमनी चक्क हात वर केला. पोरं वळून वळून बघायला लागली.

"सर, इतके तारे उजेड फेकून राह्यले. तो सगळा जाते कुठी?"

सरांनी फळ्यावरच्या वाक्याकडे पाहिलं. डस्टर टेबलावर ठेवलं.

"मॅडम, रिटायर व्हायच्या आधी सांगून जाईन."

संपलं! सरांनी शब्द दिला. निरोप समारंभाचं सगळे विसरले. सर उत्तर देऊन जातात की तसेच जातात, एवढीच चिंता आम्हाला लागली.

*

पहिली मदत पीटीच्या वानखडे सरांनी केली. आमच्या शाळेच्या गच्चीवर सोलर पॅनल आहे. रोज सकाळी मोबाईलवर आकडे बघायचं काम वानखडेंकडे. रात्रीचा आकडा शून्य! त्यांनी थेट मेकॅनिकला फोन लावला.

"काऊन बे, रातची वीज कुठी गेली?"

"सर, रातीले सूर्य नसते ना."

"तारे काय हायत मंग? तेही सूर्यच! आमच्या इंगळे सरांले विचार!"

तो गरीब माणूस मोताळ्याहून गाडी मारत आला, गच्चीवर चढला, सगळं तपासलं आणि गंभीरपणे म्हणाला, "वायरिंग तर बरोबर हाय सर. फॉल्ट वरूनच हाय."

*

मग सरांनी प्रयोग काढला. घरून पिशवीभर सोयाबीन आणलं. मैदानाच्या मधोमध स्वतः उभे राहिले तारा म्हणून, आणि आम्हाला लांब लांब उभं केलं ग्रह म्हणून. मी कुंपणापाशी. सर गरागरा फिरत मुठीमुठीनं सोयाबीन उधळायला लागले. एक दाणा माझ्या चष्म्यावर लागला, बाकी सगळे मातीत.

"पाह्यलं? ताऱ्याचा उजेड कोणाले लागतच नाही! बहुतेक सारा नुसता जाऊन राह्यला, जाऊन राह्यला!"

एवढ्यात कबुतरांचा थवा उतरला.

"सर, मधातच खाऊन राह्यले!" वानखडे ओरडले.

सर थबकले, आणि एकदम त्यांचा चेहरा खुलला. "हाव! मधात धूळ असते! ताऱ्यांच्या मधात! ते उजेड खाते, गरम होते अन् मंग तेच ऊब बाहेर टाकते!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुटला प्रश्न. सरांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या दिवशी चहा त्यांनी पाजला.

*

तो आनंद दोन दिवससुद्धा टिकला नाही. सरांनी आणखी काहीतरी वाचलं आणि सायकलची जुनी ट्यूब घेऊन स्टाफरूममध्ये आले. ट्यूबवर खडूनं एक नागमोडी लाट काढली. एक टोक माझ्या हातात, दुसरं वानखडेंच्या.

"वढा!"

आम्ही ओढलं. लाट लांबली, पसरट झाली.

"ट्यूब म्हणजे आकाश. ते ताणून राह्यलं. त्यातून चाललेला उजेडही ताणते. लाट लांबली की ऊर्जा कमी."

"मंग कमी झालेली ट्यूबमधी गेली असन!" वानखडे म्हणाले.

"तेच तं! तसं म्हणता येत नाही!" सर खुर्चीवर बसले ते उठलेच नाहीत. डबा तसाच राहिला.

शेवटी त्यांनी बुलढाण्याला एका ओळखीच्या प्राध्यापकांना फोन लावला. प्राध्यापक म्हणाले, "सर, सगळं विश्वच ताणलं जातंय म्हटल्यावर एकूण ऊर्जा मोजायची कशी, हाच घोळ आहे. तुमचा नियम तिथे धड लागू पडत नाही."

सरांनी फोन खाली ठेवला. घरातलं कुणी गेल्याची बातमी आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. उभा जन्म त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं होतं. मला फार वाईट वाटलं. वानखडेंनी स्वतः जाऊन त्यांच्यासाठी चहा आणला, यावरून काय ते समजा.

*

सर मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मॅडम नेहमीप्रमाणे खुर्ची सोडून उभ्या राहिल्या.

"मॅडम, मले शाल-नारळ नोका देऊ. शब्द पुरा नाही झाला."

"सर, मी तं सहजच विचारलं होतं!"

"सहज इचारलेल्याचंच उत्तर येत नाही, मॅडम."

*

आमच्याकडे एक रीत आहे. रिटायर होणारा शिक्षक शेवटच्या दिवशी शेवटचा तास घेतो, आणि सगळा स्टाफ पोरांच्या शेजारी बाकावर बसतो. सकाळीच मॅडमनी सरांच्या कार्यमुक्तीच्या कागदावर सही केली होती. दुपारी आम्ही नववीत दाटीवाटीनं बसलो.

सरांनी सगळं सांगितलं. बराचसा उजेड नुसताच चाललाय, काही धूळ खाते, आणि जो चाललाय तोही ताणून ताणून अशक्त होतो. मग थांबले.

"अन् कमी झालेलं कुठी जाते, मले माहीत नाही. मी लिहून देल्लेलं वाक्य तुमच्या घरातल्या बल्बले, मोटारीले बरोबर हाय. साऱ्या विश्वाले लागू पडते का, मले सांगता येत नाही." माझे डोळे भरून आले.

घंटा झाली. कुणी उठेना.

"सर," मॅडम म्हणाल्या, "मंग उद्या सांगसान?"

"हाव," सर म्हणाले. "उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी नववीवरून चाललो होतो. विज्ञान तात्पुरतं वानखडेंकडे आलं होतं. ते हातात खडू घेऊन व्हरांड्यातच उभे!

"तास तं माहाच हाय," ते कुजबुजले. "पण तुमी आत पाहा."

मॅडम पहिल्या बाकावर पोरींमध्ये बसल्या होत्या. इंगळे सरांनी फळा पुसला, हात झटकले आणि वर्गाकडे वळले.

"हं, काल कुठवर आलो होतो आपण?"