उंच सीट

कोलकात्यात डोंगर नाही. आमच्या गार्डन रीचच्या बाजूला चढ म्हणजे उड्डाणपूल. बदली होऊन आलो त्या हिवाळ्यात सकाळी फिरायला निघालो की तिथे तो दिसायचा. साठीचा, बुटका, डोक्याला माकडटोपी. सायकल मात्र डोंगरात चालवायची, जाड टायरांची आणि त्याच्या मानाने फारच उंच. पेडल मारताना तो एकदा इकडे झुकायचा, एकदा तिकडे. वर पोचला की पाय जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणून कठडा धरून थांबायचा. धाप ओसरली की उतरून तिथेच बैठका काढायचा.

मला राहवलं नाही. पुणेकर ना मी, न विचारता सल्ला दिलाच. "दादा, सीट थोडा नीचे करो. घुटना जाएगा."

त्याने सीटवर हात ठेवला, जणू मी ती हिसकावून घेणार होतो. मग सांगितलं, की सायकल मुलाची. मुलगा पावसाळ्यात तापाने गेला. येत्या उन्हाळ्यात ती डोंगरात न्यायचं त्याच्या मनात होतं. म्हणून आता बाप तयारी करत होता.

"सीट वो लगाया था," तो म्हणाला. "नीचे करने से साइकिल मेरा हो जाएगा."

त्यानंतर मी नुसता हात करायचो. तो मान डोलवायचा, कठडा सोडायचा नाही.

चैत्र लागला आणि तो दिसेनासा झाला. पोचला असेल डोंगरात. पुलावरून जाताना तो थांबायचा त्या जागी मी अजून कठड्यावर हात ठेवतो. तिकडच्या डोंगरवाटांना कठडा नसतो.