कर्णेवाला मच्छिंद्र

हसनाबादच्या मच्छिंद्राला देवानं जमीन बेताची दिली होती, पण गळा मात्र सढळ हातानं दिला होता. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून त्यानं हाळी दिली की तीन शेतांतली पाखरं एकदम उठायची. या गळ्यापायीच त्याला आसपासच्या जत्रांतून कुस्त्यांच्या फडावर बोलावणं यायचं. कुणाची जोड कुणाशी लागली हे सांगायला माणूस लागतो. मच्छिंद्र नुसती नावं सांगत नसे. एखाद्या हडकुळ्या पैलवानाची ओळख करून देताना, ‘ह्यानं परवा मारका बैल शिंगाला धरून खाली बसवला,’ असं खुशाल ठोकून द्यायचा. लोक हसायचे, पैलवान लाजायचा, आणि त्यात कुणाचं काही बिघडायचं नाही. फडावरची बढाई ही बढाईच असते, हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

बायको द्वारकाबाई म्हणायची, ह्यांना खरं बोलायला लावलं की ह्यांचा घसा बसतो. हे ती कौतुकानंच म्हणायची.

फसली तेराशे शेहेचाळीस, म्हणजे इंग्रजी १९३७ साल. त्या वर्षी कापूसवाल्यांच्या अंजुमनमध्ये सदर, म्हणजे अध्यक्ष, निवडायचा होता. अंजुमन म्हणजे चाळीसेक गावांतल्या कास्तकारांची सोसायटी. तिचं गोदाम होतं, काटा होता, आणि दर मृगाआधी ती मेंबरांना पेरणीची सरकी वाटायची. आजवर चार जाणती माणसं बसून सदर ठरवत. या खेपेला दोघं उभे राहिले. एक काकासाहेब, मोठे जमीनदार, दारात घोडा आणि तहसीलीत उठबस. दुसरे वडीगोद्रीचे रामराव, अंजुमनचे चिटणीस. हे मध्यम कास्तकार, चार शब्दांच्या जागी दोन बोलणारे.

तेव्हा जलसा, म्हणजे सभा, भरवायची तर तहसीलीची परवानगी लागे, आणि ती हातात पडेपर्यंत निवडणूकच उरकून गेली असती. काकासाहेबांचा कारभारी भुजंग यानं त्यावर तोड काढली. बाजारात कांदेवाला ओरडतो, बांगडीवाला ओरडतो, मग आपला माणूस ओरडला तर त्याला कोण अडवणार? त्यानं जालन्यात हातभर लांब पत्र्याचा कर्णा बनवून घेतला, दमणीला, म्हणजे हलक्या बैलगाडीला, झेंडूच्या माळा बांधल्या, पुढं हलगी आणि मागं संबळ ठेवला, आणि मच्छिंद्राला दमणीत उभं केलं.

पहिला बाजार बदनापूरचा. काकासाहेबांनी विहीर बांधून दिली, धर्मशाळेला मदत केली, असं भुजंगनं पढवलेलं सगळं मच्छिंद्रानं कर्ण्यातून सांगितलं. हलगीला जमलेली माणसं थोडा वेळ थांबली आणि मग एकेक करून मिरचीच्या ढिगाकडे वळली. फडावरून माणूस उठून जायला लागला की मच्छिंद्र काहीतरी नवं ठोकून द्यायचा. तसंच आताही झालं. आदल्या वर्षी अंजुमनची सरकी बऱ्याच रानांत उगवलीच नव्हती. लोकांना दुबार पेरणी करावी लागली होती, त्यालाही. ते त्याच्या तोंडात आलं.

“गेल्या साली रामरावांनी सरकी वाटली,” तो म्हणाला. “वाटली का भाजून वाटली, हे काही कळलं न्हाई. माह्या रानात तर दाणा उगवला न्हाई.”

हशा पिकला. मिरचीच्या ढिगाकडे गेलेली माणसं परत फिरली. भुजंगनं खालून मान डोलावली.

पुढच्या बाजारी लोक दमणीची वाट बघत होते. मच्छिंद्रानं सरकीचा किस्सा पुन्हा सांगितला, पण त्यातलं ‘कळलं न्हाई’ गळून पडलं. तिसऱ्या बाजारी त्यानं कढई आणली. रामरावांच्या वाड्यामागं चूल पेटते, तिच्यावर कढई चढते, आणि पोतीच्या पोती सरकी परतली जाते, कशासाठी, तर कास्तकार बुडाला पाहिजे म्हणून. हलगी अधूनमधून वाजायची, लोक शिट्ट्या मारायचे. बायकाही टोपल्या खाली ठेवून ऐकायच्या. काकासाहेबांच्या विहिरीचं नाव आता कुणी काढत नव्हतं, मच्छिंद्र तर नाहीच.

चौथ्या बाजाराच्या दिवशी एक अनोळखी म्हातारा त्याला बाजूला घेऊन सांगायला लागला की त्याच्या साडूनं ती कढई डोळ्यांनी पाहिली आहे, पितळी आहे, दोन कडीची. मच्छिंद्र क्षणभर गोंधळला. कढई त्यानं स्वतः रचली होती, आणि आता तिला कड्या फुटून ती त्याच्याकडेच परत आली होती. आपण अंदाजानं बोललो, पण खरंच काही असेलही, असं त्याला वाटून गेलं. ते वाटणं त्याला फार सोयीचं होतं.

घरी द्वारकाबाईनं एकदा विचारलं, ती कढई तुम्ही पाह्यली का? तो म्हणाला, सगळे म्हणून राह्यले. ती म्हणाली, सगळे तुमचंच ऐकून म्हणून राह्यले. त्यावर त्यानं विषय बदलला.

मतं पडायला चार दिवस राहिले असताना बदनापूरच्या बाजारात रामराव स्वतः आले. प्रचाराला नव्हे, बैलांना झुली घ्यायला. कुणीतरी ओळखलं. बघता बघता त्यांच्या गाडीभोवती गर्दी झाली. चार-सहा जणांनी त्यांना खाली उतरवलं, भजेवाल्याची कढई उलटी करून तिच्या बुडाची काजळी हाताला फासली आणि ती रामरावांच्या तोंडाला, गालाला, कपाळाला चोळली. पागोटं मातीत पडलं. दमणी वीस पावलांवर उभी होती. गर्दी तिकडे वळून ओरडायला लागली, मच्छिंद्रा, सांग की, सांग.

मच्छिंद्राच्या हातात कर्णा होता. त्यानं तो तोंडाला लावला आणि फडावर हरलेल्या पैलवानाचं नाव पुकारावं तसं रामरावांचं नाव पुकारलं. केवढा तरी गलका झाला. रामराव वाकले. तोंड पुसलं नाही, पागोटं उचललं, दोनदा झटकलं, आणि गाडीत चढले.

काकासाहेब निवडून आले. मच्छिंद्राला अंजुमनच्या गोदामावर हाळी देण्याचं काम मिळालं. कुणाची गाडी काट्यावर घ्यायची, कुणाची थांबवायची, हे ओरडून सांगायचं. सावलीतलं काम होतं. पण गाड्यांची नावं पुकारताना त्याला मध्येच ते झटकलेलं पागोटं दिसायचं, आणि पुढचं नाव चुकायचं.

चैत्र सरता सरता अवकाळी पाऊस झाला. दोन दिवस धो-धो. तिसऱ्या दिवशी गोदामातला कारकून गजानन यानं हमालांबरोबर मच्छिंद्रालाही पोती हलवायला आत घेतलं. मागच्या भिंतीशी वरचे पत्रे उचकटलेले होते आणि तिथल्या सरकीच्या पोत्यांवर पाणी ओघळलं होतं. मच्छिंद्रानं एका पोत्याचं तोंड सोडून कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. आत सरकी गरम होती. ताज्या भाकरीसारखी.

त्यानं गजाननला विचारलं. गजानन जालन्याचा, मोडी-उर्दू दोन्ही लिहिणारा, उगाच बोलत नसे. त्यानं सांगितलं की ओल लागली की सरकी आतल्या आत तापते आणि कोंब मरतो. गेल्या सालीही हेच झालं होतं.

“मंग कुणी बघितलं न्हाई?” मच्छिंद्रानं विचारलं.

“रामरावांनी तीन अर्ज केल्ते पत्र्यांसाठी,” गजानन म्हणाला. “कमिटीपुढं ठेवलेत मीच. काकासाहेब होते की कमिटीत. राहू द्या म्हणाले पुढच्या सालाला.”

मच्छिंद्रानं पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. मग भुजंगकडे गेला आणि म्हणाला की ही सरकी वाटू नका. भुजंगनं त्याला गाड्यांकडे लक्ष द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता त्यानं वडीगोद्रीची वाट धरली. दोन दिवस लागले. रामरावांच्या दारात पोचल्यावर आत जावं की नाही हे त्याला ठरवता येईना. रामरावांची बायको पुष्पाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं त्याला ओळखलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“पाणी प्या,” ती म्हणाली. “दारातून कुणाला बिनापाण्याचं धाडत न्हाई आम्ही.” एवढंच बोलून आत गेली.

रामराव ओसरीवर दोर वळत बसले होते. मच्छिंद्रानं पत्र्यांचं सांगितलं, पोत्याचं सांगितलं, कढई आपणच रचली हेही सांगितलं. रामरावांचे हात चालूच होते. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “हे मला सांगून काय उपयोग? मी कढई चढवली न्हाई, हे मला ठावं हाय. ज्यांना ठावं न्हाई, त्यांना सांग.”

“सांगतो,” मच्छिंद्र म्हणाला.

“सांगशील,” रामराव म्हणाले. “ऐकतील का, ते बघ.”

कर्णा मच्छिंद्राच्या घरीच पडून होता. वैशाखातल्या पहिल्या बाजारी तो बदनापूरला गेला. दमणी नव्हती, हलगी नव्हती. एका दगडावर चढून त्यानं सांगायला सुरुवात केली की मी खोटं बोललो, रामरावांनी सरकी भाजली नाही, गोदाम गळतं, औंदाची सरकीही मेलेली आहे, पेरण्याआधी मूठभर ओल्या गोणपाटात बांधून बघा. चेहरा ओळखून लोक गोळा झाले होते. आता काहीतरी गमतीचं निघेल म्हणून थांबले. गमतीचं काही निघेना, तेव्हा पांगले. एकानं जाता जाता विचारलं की रामरावानं काय दिलं? दुसरा म्हणाला, नोकरी गेली वाटतं. नोकरी खरंच गेली होती. भुजंगनं त्याच हप्त्यात निरोप धाडला होता.

तरी तो सगळ्या बाजारांना गेला. जिथं जिथं कढई सांगितली होती, तिथं तिथं. हसनाबादच्या बाजारात, म्हणजे त्याच्या घरच्या गावात, शेवटी त्याच्यासमोर सोनूबाई नावाची एक विधवा कास्तकारीण तेवढी उरली. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“मंग तवा बोलताना तुला ठावं न्हवतं का रं?” तिनं विचारलं.

“न्हवतं, मावशी,” तो म्हणाला. “ठावं करून घेतलं न्हाई.”

सोनूबाईनं घरी जाऊन मूठभर सरकी ओल्या गोणपाटात बांधली. सहाव्या दिवशी गाठोडं सोडलं तर शंभरात चार कोंब. तिनं अंजुमनची सरकी म्हशीला घातली आणि भावाकडून घरची सरकी आणून पेरली. तिच्या आळीतल्या पाच-सहा घरांनी तसंच केलं. बाकीच्यांनी अंजुमनची पेरली आणि आषाढात पुन्हा तिफणी जुंपल्या. त्या वर्षी कुणी काकासाहेबांच्या तोंडाला काजळी फासली नाही. गोदामाचे पत्रे मात्र दसऱ्याला बदलले गेले.

मच्छिंद्र पुन्हा फडावर गेला नाही. बोलावणी आली, पण त्यानं घसा बसल्याचं सांगितलं. रानात राबत राहिला. द्वारकाबाईनं त्याला एका शब्दानं कधी टोचलं नाही. कुणी कुणाबद्दल सांगायला आलं की ती आधी विचारायची, तुम्ही पाह्यलं का? आणि मच्छिंद्र मान खाली घालायचा.

रामराव पुन्हा कुठल्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत. पंचेचाळीस साली ते वारले. मच्छिंद्र तेव्हा वडीगोद्रीला गेला, लांब उभा राहिला, आणि पुष्पाबाईनं पाठवलेलं पाणी पिऊन परत आला.

पण गोष्ट काही वारली नाही. तिची म्हणच झाली. कुणी शब्द देऊन पाळला नाही, कुणाच्या सोयरिकीचं बोलणं पुढं सरकलं नाही, की लोक म्हणायचे, ती तर रामरावची सरकी. म्हणणाऱ्यातल्या निम्म्यांना रामराव कोण हेही ठाऊक नव्हतं. मच्छिंद्राच्या कानावर पडलं की तो हातातलं काम ठेवून सांगायला बसायचा. आधी मी कोण ते, मग कढई कशी रचली ते, मग पत्रे, मग पोतं. काही जण ऐकत. पुष्कळ जण अर्ध्यातून उठत.

अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात, निजामाचा अंमल उठल्यावर, तो जालन्याच्या स्टेशनात गाडीची वाट बघत बसला होता. बाकावरचा एक धोतरवाला गृहस्थ सोबत्याला म्हणाला की नव्या राज्यात आपल्याला रस्ता मिळणार म्हणतात, पण बघा, रामरावची सरकी न व्हावी. मच्छिंद्र सरकून त्याच्याजवळ बसला आणि सांगायला लागला. गृहस्थानं विडी ओढत ऐकलं. कढईपर्यंत आलं आणि गाडी आली. ‘असंल बाबा,’ म्हणून तो उठला. मच्छिंद्रानं गाठोडं उचललं, त्याच्याच डब्यात चढला, त्याच्यासमोर जागा धरली, आणि बदनापूर येईपर्यंत पत्र्यांचं आणि पोत्याचं राहिलेलं सगळं सांगितलं.