आठाची तार

हे मी आजपावतो कोणाले सांगतलं नाई. नवऱ्यालेही नाई. आता तुले सांगून राह्यली — अन् सांगताना अजूनही आनंद होते, त्याचीच लाज वाटते.

कापसाचं ते वाईट वर्ष. मी नुकतीच आयटीआय झालती, लोहारा गावच्या एका जिनिंगमंदी, सरकी काढाच्या कारखान्यात, लागलती. काटा आत, अन् वजन दिसायची मोठ्ठी पाटी बाहेर — ती मीच जोडलती! देवरावकाका पाटी वाचून पावती फाडत. आमच्या शेजारचे, मले तिथं त्यायनंच चिकटवलं.

पण घरून मोजून आणलेला कापूस इथं कोणाचा आठ किलो कमी भरे, कोणाचा बरोबर. भाव पडलेला, लोकं तापलेले. "बुढ्या, काटा मारतं काय बे!" म्हणून एकानं काकाची कॉलर धरली. मालकानं तवाच त्यायले घरी धाडलं. जाताना काका मले म्हणे, "पोरी, तू तरी सांग ना, मी असं करीन काय?" तवा मले खरंच माहीत नव्हतं.

मंग मी पाटी उघडली. अन् बापा! मशीनले तीनशे एकोणपन्नास असं एकदम समजतच नाई — तीन वेगळा, चार वेगळा, नऊ वेगळा. दर आकड्याले चार तारा: आठाची, चाराची, दोनाची, एकाची. करंट आहे का नाई, बस्! नऊ म्हणजे आठ अन् एक. शेवटच्या आकड्याची आठाची तार सुटलती. म्हणून नवाचा एक दिसे, आठाचं शून्य, आठ किलो गायब — अन् सातापर्यंत सारं झकास! काय डोकं लावलं ना ज्यानं हे बनवलं! मी एकटीच टाळ्या पिटून राह्यलती.

त्या तारेचं सोल्डरिंग कोणाचं होतं? माह्यंच. घाईतलं, कच्चं.

तार जोडली, पाटी बंद केली. मालकानं विचारलं, "काही सापडलं?" मी म्हटलं, "नाई जी." — नोकरी जाईन म्हणून? हो. पण त्याहून जास्त — मी हुशार आहो, हे मोडू द्यायचं नव्हतं मले.

काकाले मंग कोणत्याच काट्यावर काम भेटलं नाई. मेलेही तसेच, चोर म्हणून. वस्तीतले लोकं त्यायले 'आठकिल्या' म्हणत — माह्यासमोर म्हणत. अन् एकदा, ते ओट्यावर बसून ऐकत असताना, सगळ्यायसंग मीही हसली.