पिल्लांवरची मरळ

आमच्या हौसरावाला गळ टाकताना पहिल्यांदा बघणारा माणूस चक्रावून जायचा. सकाळी सातला निमोणे गावाच्या खाली घोड नदीच्या डोहावर यायचं, जांभळीच्या बुंध्याला पाठ लावायची, दोऱ्याला बांधलेला मोरपिसाचा देठ पाण्यावर तरंगत ठेवायचा. देठ बुडाला की झटका देऊन मासा वर घ्यायचा, हात पाण्यात बुडवून ओला करायचा, अलगद गळ काढायचा आणि मासा परत डोहात. दहा धरले तर दहाही सोडणार. ओला हात एवढ्यासाठी, की कोरड्या हातानं माशाच्या अंगावरची बुळबुळ निघून जाते आणि त्याला रोग लागतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. बघून बघून कळलेलं.

एकदा कारखान्यात कामाला असलेला एक बिहारी गडी तासभर हे बघत उभा राहिला. शेवटी त्याला राहवेना. म्हणाला, "चाचा, छोड़ना ही है तो पकड़ते काहे को हो?"

हौसराव म्हणाला, "मिलने आता हूँ."

साऱ्या जन्मात हौसराव बिनचूक हिंदी बोलला ते तेवढंच. एरवी त्याचं हिंदी म्हणजे, एकदा शिरूरच्या स्टँडवर... पण राहू द्या. मी सुरू झालो की थांबत नाही, आणि या गोष्टीत माझ्या त्या खोडीचाही वाटा आहे. तो पुढं येईल.

हे मासे सोडणं सुरू झालं ते धुरपदामुळं. धुरपदा म्हणजे हौसरावाची बायको. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील. आषाढातल्या एका सकाळी हौसराव हातभर लांबीची मरळ घेऊन घरी आला. चूल पेटलेली, पाट्यावर मसाला वाटलेला, आणि मी, त्याचा जुना दोस्त, आयता पाटावर बसलेला. हौसराव फुशारकीनं सांगत होता, "काय कष्टच पडलं न्हाईत. पिल्लांवर हुती. गळ नुसता पाण्यात सोडला, तर आपणहून धावून आली."

मरळीचं असंच असतं. तिची पिल्लं शेकड्यानं, तांबड्या रंगाची, पाण्यावर गोळा करून फिरतात. वरून बघावं तर कुणी कुंकवाचा करंडा सांडलाय असं वाटतं. त्या गोळ्याखाली मरळ पहारा देते. त्या दिवसांत जवळ पानाचा देठ पडला तरी ती त्याच्यावर तुटून पडते. भुकेनं नव्हे, रागानं.

धुरपदाचा हात थांबला. "मंग तिची पिल्लं कुठं हायती?"

"डोहात. आनखी कुठं असणार?"

"व्हय, पर कुणापाशी?"

धुरपदाची आई ती रांगत असतानाच गेलेली. कवठे येमाईला मावशीनं वाढवलेली ती. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली, आणि त्या दिवशी आम्ही त्या मसाल्यात पिठलं खाल्लं. हौसरावानं मासे खाणं त्या दिवशी सोडलं. गळ मात्र सुटला नाही. ज्याचा हात एकदा त्या झटक्याला सोकावला, त्याचा सुटत नाही.

पुढं रांजणगाव, कोरेगाव भीमाकडं कारखाने आले, आणि रविवारी मोटारसायकलींवरून गळवाले यायला लागले. एकेकाजवळ चार-चार काठ्या, चकचकीत रीळ, आणि धरला तो मासा पोत्यात. बोटाएवढं पिल्लूसुद्धा सोडायचे नाहीत. हौसराव कधी कुणाशी भांडला नाही. त्यांच्यातला म्होरक्या होता कोरेगावचा इंद्रजीत. त्याची काठी लव्हाळ्याकडं वळली तशी हौसराव त्याच्याशेजारी जाऊन बसला आणि बोटानं दाखवलं. "ते तांबडं दिसतंय का रं?"

"काय हाय आबा ते?"

"लेकरं. आन् खाली त्यांची आई. आता टाकायचा तर टाक."

इंद्रजीतनं दोरा गुंडाळला. त्यानंच पुढं पत्र्याचा बोर्ड रंगवून आणला आणि जांभळीला टांगला. मृगापासून पोळ्यापर्यंत गळ बंद. वीतभराच्या आतला मासा सोडायचा. एका माणसानं दोनच न्यायचे. पिल्लांवरची मरळ धरायची नाही. ना पोलीस, ना दंड. बोर्डावरचा नियम मोडणाऱ्याला बाकीचे गळवाले चहा पाजायचे नाहीत, एवढीच काय ती शिक्षा. पण डोह भरला हो! श्रावणात एका वेळी पाच-पाच तांबडे गोळे मी या डोळ्यांनी मोजलेत.

चार वर्षांमागं धुरपदा गेली. वर्षश्राद्धाला हौसराव म्हणाला, "जेवणावळ नको. तिच्या नावानं डोहात मासं सोडू."

धुरपदा लहानपणी ओढ्यात गावठी मांगूर बघायची. मिशांचा, काळसर, चिखलात राहणारा मासा. आता आमच्याकडं तो दिसेनासा झाला, म्हणून ती हळहळायची. हौसराव आणि मी दौंडला गेलो, एका टेम्पोवाल्याकडून गावठी मांगूर म्हणून तीनशे पिल्लं हवा भरलेल्या पिशव्यांतून आणली, आणि भटजींच्या देखत डोहात सोडली. हौसराव त्या दिवशी लग्नात हसला नसेल इतका हसला.

गळवाल्यांना हे कळलं तसं त्यांचं त्यांनीच ठरवलं, हा आजीचा मासा, हा कुणी न्यायचा नाही. वीतभराचा असो का हातभराचा. इंद्रजीत तर गळाला मांगूर लागला की त्याला नमस्कार करून सोडायचा. तीन वर्षं आम्ही सगळ्यांनी एकेक मांगूर ओल्या हातानं, जपून, पाण्यात परत घातला.

आणि तांबडे गोळे पाचाचे तीन झाले, तिनाचा एक झाला. आम्ही पावसाला बोल लावला. पाण्याला लावला. शेतातल्या औषधांना लावला.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी, वळीव पडून गेल्यावर, ज्ञानेश्वरी नावाची कॉलेजातली मुलगी आली. गळवाले काय धरतात, काय सोडतात, का सोडतात, याची पाहणी करत नदीनं फिरत होती. आमचा बोर्ड वाचून तिला इतका आनंद झाला की तिनं त्याचे दहा फोटो काढले. तेवढ्यात हौसरावाच्या गळाला मांगूर लागला. तिनं तो हातात घेतला, डोक्यामागच्या हाडावरून बोट फिरवलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"आजोबा, हा गावठी नाही. हा बाहेरचा. ह्याच्यावर सरकारची बंदी आहे. हा बाकीच्यांची पिल्लं खातो."

"बाय, चुकतीयास तू. ह्यो आमच्या हिच्या नावाचा हाय."

तिनं मांगराचं फुगलेलं पोट बोटानं दाबून दाखवलं. शेवटी हौसरावानंच खिशातला चाकू काढून तिच्या पुढं केला. तिनं मांगराचं पोट चिरलं आणि आतलं सगळं जांभळीच्या पानावर काढलं. त्यात मरळीची अकरा पिल्लं होती. काही अजून तांबडी होती.

हौसरावानं ती पिल्लं बोटानं एकेक करून पुन्हा मोजली.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः बोर्डावर पाचवी ओळ लिहिली. मांगूर सोडायचा नाही. मृग लागला तसा तो म्हणाला, आता गळ बंद. त्यावर इंद्रजीत म्हणाला, "आबा, पिल्लं बक्कळ पावसाळ्यातच हुत्यात, आन् ह्यो त्यास्नी खातो पावसाळ्यातच. नियम तुम्हीच केला, तुम्हालाच मोडाय लागंल." सगळ्यांच्या मतानं असं ठरलं की पावसाळ्यात फक्त हौसरावानं गळ टाकायचा, आणि तोही मांगरासाठीच. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून पाणी बघायचं काम माझं. प्रत्येक वेळी गळ टाकायच्या आधी मी लव्हाळ्यापर्यंत नजर फिरवायची आणि "साफ" म्हणायचं. मग त्यानं टाकायचा.

दीड महिन्यात चाळीसेक मांगूर काढले. त्याच्या डाळिंबाच्या झाडांखाली पुरले. प्रत्येक मांगूर मारताना तो तोंड फिरवायचा. धुरपदाच्या नावाचे होते ना ते.

आणि श्रावणात एका सकाळी लव्हाळ्यापाशी तांबडा गोळा दिसला. साऱ्या डोहात एकच, सुपाएवढा. "हाय," मी म्हणालो, "एक हाय!" हौसरावानं माझा हात असा दाबला की बोटं दुखली. तो गोळा असेल तिकडं गळ टाकायचा नाही, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या शाळेची गोष्ट सांगत होतो. गुरुजींची टोपी शेळीनं खाल्ली, तपासणीला साहेब आले, आणि गुरुजी डोक्याला पाटीपुसणं गुंडाळून उभे राहिले, ती. हौसरावानं ती शंभरदा ऐकलेली. तरी बऱ्याच दिवसांनी तो हसायला लागला. हसता हसता त्यानं गळाला कोंबडीचं नवं आतडं लावलं, काठी उचलली, आणि विचारलं, "साफ?"

"साफ, साफ," मी म्हणालो. मी शेळीपर्यंत आलो होतो. मी पाणी बघितलंच नाही.

देठ टेकायच्या आतच बुडाला. काठी वाकली तशी हौसरावाचं हसू थांबलं. मांगूर दबून ओढतो. हे ओढणं वेगळं होतं. त्याच्या हातानं ते ओळखलं, डोळ्यांनी बघायच्या आधी.

मरळ होती. गळ नरड्यात उतरलेला. हौसरावानं हात ओला केला, दोरा कापला, तिला दोन्ही हातांत धरून पाण्यात पुढं-मागं केलं. अर्धा तास तो तिला श्वास देत होता. मग ती हातातच उलटी झाली. पलीकडं लव्हाळ्यापाशी तो तांबडा गोळा तसाच फिरत होता.

हौसरावानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानं माझ्याच फोनवरून ज्ञानेश्वरीला विचारलं, "बाय, आई गेली तर पिल्लांचं काय हुतं?"

ती म्हणाली, "नर पण राखतो, आजोबा. कधीकधी बापच राखतो."

"एकट्या बापानं राखली तर जगत्यात?"

"काही जगतात."

त्या गोळ्याखाली नर आम्हाला दिसला नाही. दुसऱ्या दिवसापासून हौसराव स्वतः पाण्यात उतरला. कमरेएवढ्या पाण्यात, हातात वेळूची काठी, सकाळी सात ते दिवस मावळेपर्यंत. पाण्याखाली काही हललं की काठी आपटायची. शहात्तर वर्षांचा माणूस. सुनेनं हातापाया पडून बघितलं. इंद्रजीत शिफ्ट बुडवून आला, म्हणाला, "आबा, मी थांबतो." हौसरावानं मान हलवली, नाही.

मी काठावर बसायचो. तासाभरानं तो विचारायचा, "हायती का रं?"

मी सांगायचो. पहिल्या दिवशी सुपाएवढा. तिसऱ्या दिवशी ताटाएवढा. पाचव्या दिवशी वाटीत मावतील एवढी. सहाव्या दिवशी सकाळी मी पाणी बघितलं. या खेपेला मी नीट बघितलं, लव्हाळ्याच्या मुळापर्यंत, पलीकडच्या खडकापर्यंत. कुठंच काही नव्हतं.

"हायती का रं?"

"हायती," मी म्हणालो.

चार दिवस मी तेच सांगत राहिलो. दहाव्या दिवशी संध्याकाळी तो आपणहून बाहेर आला. पायांची कातडी पांढरी पडली होती. जांभळीखाली टेकला आणि म्हणाला, "बाळासो, कवा गेली?"

मी पाण्याकडं बघायला लागलो.

"सहाव्या दिवशी ना?"

"तुला कसं कळलं?"

"साठ वरसं वळखतो तुला. एका शब्दात कवा उत्तर दिलंयस का तू?"

मला रडू आवरेना. म्हणालो, "मंग चार दिवस उभा का राहिलास, गड्या?"

तो ओल्या धोतराचा सोगा पिळत राहिला. पाणी निघायचं थांबलं तरी पिळत होता.

"वर गेल्यावर धुरपदा इचारणार, पिल्लं कुणापाशी हुती," तो म्हणाला. "म्हणंन, मी हुतो."