तळण व तत्सम

अन्याय झाला तो माझ्या शेजारच्या खोलीतल्या सिस्टरवर, गेल्या बुधवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, चिलापीची पहिली बाजू तव्यावर असताना. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण घड्याळ लावून माशाची शुश्रूषा करणारी अख्ख्या सोलापुरात ही एकच बाई आहे. दवाखान्यात जन्म काढल्यामुळं तिला जगात दोनच जाती माहीत: पेशंट आणि नातेवाईक. मासा पेशंट. मी नातेवाईक, म्हणजे भिंतीला टेकून उभं राहायचं आणि मधे बोलायचं नाही.

ड्यूटीवरून सातला येते, साडेसातला जेवते. चिलापीचे तुकडे जुन्या पंच्यानं असे टिपते, जणू ताप उतरलेल्या पोराचं अंग पुसतेय. "वला ऱ्हायला की चिकटतोय तव्याला." मीठ, हळद, तिखट, दोन चमचे तेल. तुकडा ठेवला की चार मिनिटं हात लावायचा नाही. मी एकदा उलथन्यानं टोक उचलून पाहिलं, तर मनगटावर चापट बसली. "पेशंटला सारखं उठवून बरं वाटतंय का इचारायचं न्हाय. बरा झाला की आपसूक सुटतोय." मग त्याच तव्यात घेवडा नि गाजर, करकरीत राहतील इतपतच. भाजी मऊ पडली तर तिच्या लेखी ती दगावली.

तर त्या बुधवारी दारावर थाप. घरमालक, हातात भाडेकरार. अकरावं कलम: 'खोलीत तळण व तत्सम प्रकार करू नयेत, अन्यथा खोली सोडावी.' मासा हा शब्द लिहायला त्यांचा पेन धजावला नव्हता. खोली देताना आडनाव मात्र दोनदा विचारलं होतं. आता या वयात सिस्टरनं परत खोल्या हुडकत फिरायचं? मोर्चे-पत्रकांची सवय असलेल्या माझ्या डोक्यात निषेध-पत्रकाचा मथळासुद्धा जुळला. "हा सरळसरळ..." एवढंच मी बोलले.

"सुम्मनिरु," सिस्टर म्हणाली. ती मूळची दुधनीची. गप बस हे ती कानडीतच सांगते. मग मालकांकडं वळून, "दोन मिनिटं थांबा, पलटायचा हाय."

आणि ते थांबले, ओपीडीत थांबावं तसे.

तुकडा पलटून झाल्यावर तिनं बोलावलं. "आता या हितं. बघा. ह्याला तळण म्हंत्यात व्हय? तळण म्हंजे तेलात बुडाय पायजे. तुमच्याकडं दर रविवारी भजी बुडत्यात, ते तळण. ह्ये भाजणं हाय."

मालकांनी तवा पाहिला, कलम पाहिलं, परत तवा पाहिला. "पण सिस्टर, मला म्हणायचं होतं की..."

"काय म्हणायचं हुतं? म्हणा की."

त्यांनी कराराची घडी घातली, उलगडली, परत घातली. शेवटी म्हणाले, "खिडकी तेवढी उघडी ठेवा."

दार लागलं, तशी मी हसतच सुटले. तिनं घड्याळ पाहिलं. "चाराचं पाच झालं की. कड लागली." करपलेला तुकडा तिनं आपल्या ताटात घेतला, चांगला मला दिला. "जेवा, पुढारीणबाई. खोली कुटं जात न्हाय." माझ्या जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर ती गाजरं सोलते, त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही.

मे महिन्यात ती निवृत्त होऊन दुधनीला जाईल. तिच्या खोलीत कुणीतरी नवं येईल, ज्याला तळण आणि भाजणं यातला फरक असा ठणकावून सांगता येणार नाही. कलम तर तसंच आहे.

म्हणून आज तुमचाही भाडेकरार काढून वाचा. कुठं 'तत्सम' दिसलं, तर मालकापुढं पेन ठेवा आणि म्हणा: काय ते नाव लिहा.