मंठ्याच्या लग्नात सापडलेली शालू

शालूने माझं दार गुलाबी रंगवलं तेव्हा मी आत भाकरी थापत होते. बाहेर येऊन बघते तर तिचं दार, माझं दार आणि शेजारच्या स्कूटरची सीट, सगळं एकाच रंगात. हातात ब्रश, कपाळावर रंग आणि तोंडाची टकळी चालू.

"वहिनी, अख्खं मस्तगड गुलाबी करून टाकू! इमानातले लोक म्हणतील, खाली काय फुललंय बाई!"

मला हसू आवरेना. स्कूटरवाला काही न बघता त्याच ओल्या सीटवर बसून बाजारात चक्कर मारून आला, तेव्हा तर अख्खी गल्ली पोट धरून हसली.

जालन्यातल्या आमच्या मस्तगड भागात शालू ब्लाउज शिवायची. तिचे वडील मंठ्याकडे मेंढ्या राखायचे, लहानपण तिने कळपामागे हाका मारत काढलेलं, त्यामुळे आवाज असा की आमच्या गल्लीत कुणाला कधी भोंगा लागला नाही. नवरा रामप्रसाद मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. पाठीवर पोतं असो की नसो, बोलणं मोजकंच. मुलगा गावाकडे आजीपाशी, म्हणजे शालूच्या सासूपाशी, शिकायला होता. त्या दिवसांत शालूची मशीन दिवसरात्र धडधडत होती. गिऱ्हाइकाने साधे ब्लाउज टाकले तरी ही बाहीला झालर लावून द्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "बायांना उडता आलं पायजे, वहिनी!"

संध्याकाळी रामप्रसाद घरी आला. दार बघून त्याचा तोल गेला.

"घर है का तमाशा? दुनिया हसून राह्यली! जा, जिकडं जायचं तिकडं जा!"

"जाऊ?" शालूने विचारलं.

"जा!"

"मंग चालले," म्हणाली आणि जत्रेला निघाल्यासारखी निघाली. गल्लीच्या टोकावरून तिने मला हातसुद्धा केला.

त्याला वाटलं, कुणाच्या तरी घरी बसली असेल. सकाळपर्यंत आली नाही तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पोलीस ठाण्यात एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मला सोबत नेलं.

तिथे बेबीनंदा नावाच्या हवालदार बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "भांडण झालतं का?"

"न्हाई," रामप्रसाद म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"किरकोळ," तो म्हणाला.

मी पाहतच राहिले.

"मीच म्हणलं, जा म्हणून."

"साडी कोणती होती अंगावर?"

रामप्रसादने छताकडे पाहिलं. "हिरवी... न्हाई, निळी..."

"पिवळी," मी म्हणाले. "आणि हात गुलाबी."

बाईंचा पेन थांबला. "हात गुलाबी?"

मग सगळी रंगाची कथा सांगावी लागली. बाई ओठ दाबून ऐकत होत्या, पण स्कूटरवाल्यापाशी त्यांनाही हसू फुटलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "झोपत होती का ती?"

हे मात्र रामप्रसादला बरोबर माहीत होतं. "बिलकुल न्हाई. जेवण न्हाई, झोप न्हाई, नुसतं बोलणं न् हसणं. मला वाटलं, खुशीत है."

"दादा, ही खुशी न्हाई, आजार है. माझ्या भावाला असाच होतो. रागात गेलेलं माणूस मामाकडं न्हाईतर मावशीकडं सापडतं. हे माणूस कुठंबी जातं. जल्दी शोधावं लागंल." त्यांनी तिथल्या तिथे मिसिंगची तक्रार दाखल केली आणि शालूचा फोटो जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना पाठवला.

शालू तर आदल्या रात्रीच मंठ्याला पोचली होती. माहेर राहिलं बाजूला. स्टँडवर उतरल्यावर बँडचा आवाज आला आणि ती त्या आवाजामागे थेट एका मंगल कार्यालयात शिरली. लग्न दुसऱ्या दिवशी, त्या रात्री हळद. नवरीकडच्यांना वाटलं, ही नवरदेवाकडची आत्या. नवरदेवाकडच्यांना वाटलं, नवरीची मावशी असणार. दोन्हीकडच्यांनी तिला जेवायचा आग्रह केला.

पुढचं त्या लोकांनीच आम्हाला सांगितलं, तेही एकमेकांचं बोलणं तोडत. रूपाली नवरीला उखाणा सुचेना, तर हिने उभ्या उभ्या रचून दिला:

"जालन्याहून मंठ्याला आली धावत बस,
कल्याणराव हसले की उसाला सुटतो रस."

नवरदेव कल्याण इतका लाजला की मुंडावळ्या घसरून नाकावर आल्या.

दुसऱ्या दिवशी ऐन लग्नाच्या वेळी नवरदेवाचे मामा सर्जेराव रुसले. त्यांना फेटा बांधायचं कुणीतरी विसरलं होतं. मामा गेटजवळ खुर्ची टाकून बसले, लग्न अडलं. दोन्हीकडचे जाणते हात जोडून थकले. शालू दोन फेटे घेऊन गेली. "मामा, एवढ्या मानाच्या डोक्याला एक फेटा पुरंल का?" म्हणत तिने दोन्ही फेटे जोडून असे गुंडाळले की मामा उठून मांडवात शिरायला लागले तर कमानीत डोकं अडकलं. एका बाजूने वऱ्हाडी ओढताहेत, दुसरीकडून बँडवाले ढकलताहेत. आधी मामाच हसले, मग कुणालाच थांबता येईना. अक्षता पडल्या त्या हसता हसता.

जेवणावळीत मंठ्याचा एक पोलीस पाहुणा म्हणून बसला होता. शालू त्याला जिलेबी वाढत असतानाच त्याच्या मोबाइलवर तिचा फोटो आला. त्याने फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं.

"अजून एक घ्या साहेब, लाजून राह्यलेत काय!"

त्याने मुकाट्याने घेतली आणि बाहेर जाऊन फोन लावला.

आम्ही बेबीनंदाबाईंसोबत पोचलो तेव्हा शालू बँडपुढे नाचत होती. रामप्रसादला पाहताच ओरडली, "आमचे मालक आले! आधी त्यांना जेवू घाला!"

त्याला धरून पंगतीत बसवलं. कालपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. वाढपी घाबरून म्हणाला, "भाजी लय तिखट झाली का?"

जेवणानंतर बेबीनंदाबाईंनी शालूला बाजूला बसवलं. मी जवळच होते. "नवऱ्यासोबत जायचं का न्हाई, हे तू ठरव. जबरदस्ती न्हाई."

शालूचं बोलणं सुरू झालं ते बस, मेंढ्या, झालर, जिलेबी असं कुठून कुठे फिरत राहिलं. मध्येच ती हळू आवाजात म्हणाली, "बाळंतपणानंतरबी मला असंच झालतं. तवा सासूनं खोलीत कोंडून ठेवलं. भगताला बोलवलं. मी दार वाजवून राह्यले आणि हे बाहेर ओट्यावर बसून राह्यले. कोंडणार असतील तर न्हाई येत मी."

रामप्रसाद दाराशी उभा राहून ऐकत होता. "मला काय करावं सुचलंच न्हाई तवा," तो म्हणाला. "आता कोंडणार न्हाई, शालू. दवाखान्यात जाऊ. मी बसतो संगं."

"तुम्ही बोलता की!" शालू म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. शालू इतकी झोपली की मी दोनदा जाऊन तिचा श्वास पाहून आले. जागी झाली तेव्हा सगळं आठवलं आणि लाज वाटायला लागली. कितीतरी दिवस ती मशीनकडे फिरकली नाही, भिंतीकडे तोंड करून पडायची. रामप्रसाद कामावरून आला की शेजारी बसायचा, मोंढ्यातल्या काहीबाही गोष्टी सांगायचा. त्याला धड सांगता यायच्या नाहीत. एका गोळीने तिचे हात थरथरायचे, सुईत दोरा जाईना. डॉक्टरांनी ती बदलली. मग हळूहळू मशीन सुरू झाली.

भांडणं अजून होतात. एक वेगळंच भांडण आहे. ती जरा मोकळी हसली की गल्ली सावध होते, आणि रामप्रसाद सगळ्यांत आधी. "आता हसायलाबी डॉक्टरची चिठ्ठी आणू का?" ती त्याला सुनावते, आणि तिचं बरोबर असतं.

परवाच तो ओट्यावर सांगत होता, मोंढ्यात एक बकरी व्यापाऱ्याच्या गादीवर चढून लोडाला टेकून बसली, आणि आलेल्या शेतकऱ्याने वर न बघताच तिला रामराम घातला. शालू हसली ती थांबेचना. रामप्रसाद बोलायचं थांबला.

"काल झोपली होतीस ना?"

"झोपले होते."

"गोळी?"

"घेतली. बकरीचं पुढं सांगा की!"

मग त्यालाही हसू आलं. पुढचं सांगता सांगता तो इतका हसायला लागला की बकरी खाली कशी उतरली, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.